जीवामृताचं पिंप

सकाळी शेळगावच्या शेततळ्यावर गेलो, तर मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. चार-पाच तर उलटे तरंगत होते. आठवड्यावर विक्री आलेली. माझं डोकंच फिरलं. शेजारी तात्यांची डाळिंबं, त्यांनी आदल्या दिवशी औषध मारलं होतं. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आणि भावकीवर संशय घ्यायला आम्हाला पुरावा लागत नाही.

"फवारणीचा पंप माझ्या तळ्यात धुतला तुमी!" मी बांधावरून ओरडलो. रस्त्यानं जाणारे दोघं-चौघं थांबले.

"म्या न्हाय धुतला. तुजं ड्रोन हाय न्हवं? बघ की," तात्या एवढंच म्हणाले.

मला तेच हवं होतं. बारामतीला शिकून आल्यापासून पाणी तपासणारा शहाणा म्हणून मी मिरवतच होतो. ड्रोनला लांब दोरीनं सेन्सर बांधला आणि तात्यांच्या बाजूला पाण्यात सोडला. पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा मोबाइलवर आला, पाच. म्हणजे तिथलं पाणी ठीक होतं. मधोमध नेला, तीन. माझ्याच काठाशी सेन्सर बुडाला आणि आकडा एकाच्याही खाली गेला.

तिथंच काल मी जीवामृताचं पिंप ओतलं होतं. शेण, गोमूत्र, गूळ. उसाला ठिबकमधून देतो ते माशांनाही मानवेल, ही माझी अक्कल. असलं काही कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, हे मला शिकवलेलं होतं.

"काय म्हणतंय?" तात्यांनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नव्हते. खोटं बोलावं असं मनात आलं. रस्त्यावरची माणसं अजून उभी होती.

"माजंच चुकलं, तात्या. काल पिंप वतलं मी हितं."

ते वळले आणि निघून गेले. लाइट नव्हती, त्यामुळे माझी मोटर बंद. मासे एकेक उलटत होते आणि मी नुसता बघत होतो. तेवढ्यात तात्या ट्रॅक्टरला पंप जोडून आले. तळ्यातलंच पाणी उचलून त्यांनी उंचावरून परत तळ्यात पाडलं, हवा मिसळावी म्हणून. दुपारपर्यंत बहुतेक मासे सावरून खाली गेले.

"तात्या, चहा घेऊन जावा."

"आत्ताच झालाय," ते म्हणाले. ट्रॅक्टर आणायला गेले तेवढेच, नाहीतर सकाळपासून माझ्यासोबत बांधावर होते, चहा कधी झाला?

वर्ष होत आलं. बांधावर भेटले की पिकापाण्याचं बोलतात. माझ्या घराची पायरी मात्र चढत नाहीत.