हद्दीचा साक्षीदार

निजामाचं राज्य गेलं, मग भाषावार राज्यं झाली. तेलुगू राज्यात गेलेल्या आमच्या बाजारहत्नूर गावची जमिनीची दप्तरं उर्दूतून तेलुगूत जाताना माझ्या बापाच्या शेताची हद्द शेजाऱ्याकडे सरकली. खरी हद्द ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, मोजणीची साखळी ओढणारा म्हातारा. बायको गेल्यापासून त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत होती.

काही आठवलं नाही की दुखरा गुडघा चोळत तो स्वतःलाच समजवायचा, "राहू दे, बाप्पा. दमला तू. पानी पे." मला राग यायचा. मी कापसाच्या भावात कुणाला एक पैसा सोडला नाही, आणि हा स्वतःला फुकट माफ करायचा.

मी त्याला साक्षीसाठी तहसीलीत नेलं. साहेबांनी विचारलं, "हद्दीचा दगड कुठं होता?"

त्यानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "आज याद नाई, साहेब. अंदाजानं नाई सांगणार."

पुढची तारीख पडली.

बाहेर येताच मी ओरडलो, "एवढंबी ध्यानात राहत नाई?"

त्यानं ओट्यावर माझ्यासाठी जागा केली. "बसा, भाऊ. बाप गेल्यापासून तुमी बी कुठं बसले?"

मी बसलो. तारखेला पंधरा दिवस होते, आणि तो हळूच विचारत होता, "आपन इथं काऊन आलो?"