बंद उद्यानातला वाघदेव

वाघदेव म्हणजे जमिनीत रोवलेला सागाचा खांब. त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. मोलगी गावाच्या पुढे जीप सोडून चालत गेलं की तो दिसायचा. आता आधी फाटक लागतं. तिथल्या धबधब्याभोवतीच्या जंगलाचं निसर्ग उद्यान झालं, तारेचं कुंपण पडलं आणि खांब कुंपणाच्या आत गेला.

आमच्या कळसाडीच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभांमधून गठ्ठे आणायचे; मी अक्षरं त्यांवरच गिरवली. कुलूप दिसलं की माझ्या डोक्यात पत्रकाचा मजकूर सुरू होतो. कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर मी तिच्या पाड्यावर गेले तेव्हाही तो छापून पिशवीत होता: जंगल कोणाचं, उद्यान कोणाचं.

पाड्यावर प्रश्न भाजीचा होता. वाघदेवाची पूजा झाल्याशिवाय तिथे कोणी पावसातली नवी भाजी खात नाही. पूजा खांबापाशीच व्हायला हवी. कोंबडं तिथेच कापायचं, तिथेच शिजवून खायचं. आणि पावसाळ्यात उद्यान बंद, कारण पर्यटक दगडांवरून घसरतात. बांधावर भाजी गुडघ्याला लागत होती आणि ताटात रोज उडदाची डाळ.

फाटकावरचा रखवालदार त्याच पाड्याचा, मैत्रिणीचा काका. नोकरी रोजंदारीची. जेवायला त्यालाही डाळच.

पूजेच्या दिवशी पूजा सांगणारा पुजारा पुढे आणि मागे सगळा पाडा, असे आम्ही फाटकाशी पोचलो.

काका म्हणाला, "साहेबांचा फोन लागत नाही. पर्यटकांना बंदी आहे."

"मला काय धबधब्यात फोटो काढायचाय?" पुजाऱ्याने विचारलं. लोक हसले. काका हसला नाही.

मग काकी पुढे आली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी फटकन बोलली. मैत्रिणीने माझ्या कानात मराठी केलं: "तुझ्या साहेबाच्या घरी भाजी शिजते ना? उद्यापासून तिकडेच जेव."

काकाने कुलूप काढलं. "आग मात्र नको," तो म्हणाला. "आग दिसली की माझं काम गेलं."

पुजाऱ्याने मान हलवली, म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही. पूजा झाली, कोंबडं कापलं, तीन दगडांची चूल मांडली. लाकडं भिजलेली. पेटेनात. सुकी लाकडं फक्त फाटकाजवळच्या काकाच्या चौकीत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे नुसते बसून राहिले. मी हक्काबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर मैत्रिणीने कोपर मारलं. "गप गं. त्याचं त्याला ठरवू दे."

बऱ्याच वेळाने काका लाकडं काखोटीला मारून आला, चुलीपाशी टाकली आणि फाटकावर परत गेला.

धूर झाडांच्या वर गेला तेव्हा शहाद्याकडची दोन पोरं मोटारसायकलवर आली. मी काकाच्या मागोमाग फाटकाशी आले होते.

"काय भाऊ, चालू व्हयनं का?"

"बंद शे."

"मंग त्या लोके मझार कसा ग्यात?" पोराने कुंपणाच्या आत बोट दाखवलं.

एकाने मोबाइल वर धरून धुराचा फोटो काढला. "टाकू दे ग्रुपवर," दुसरा म्हणाला, आणि ती निघून गेली.

काकीने पानात त्याचा वाटा आणला. त्याने उभ्याउभ्या खाल्ला, हात धुतले, मग चौकीमागे वाकून नवी भाजी खुडायला लागला.