तीन इंची पट्टा आणि वॉल्टरचं अंगण

"तीन इंची," ब्रेंट म्हणाला. "बाजारातला सगळ्यात उंच. विषय संपला."

त्याने ब्रोशर टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. कव्हरवर एक स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, कड्यावरून हवेत उडत होती. आमची स्नोमोबाइल दर आठवड्याला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नर्सला घेऊन डोंगरावर जाते आणि तिने हवेत उडू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

ब्रेंट आमच्या काउंटीच्या आरोग्य खात्याचा डायरेक्टर. एका गाडीचा पट्टा बदलण्याच्या कामाला त्याने 'माउंटन ॲक्सेस इनिशिएटिव्ह' असं नाव दिलं होतं, स्लाइड्ससकट. मी काउंटीच्या गॅरेजची सुपरवायझर. बर्फ उपसणारे ट्रक, ॲम्ब्युलन्स आणि ही एक स्नोमोबाइल माझ्या ताब्यात. मूळची मी सांगलीकडची, मेकॅनिकल इंजिनिअर. साखर कारखान्यात उसाचं चिपाड वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टवर माझं शिक्षण झालं. नवऱ्याला आयडाहोच्या या डोंगराळ गावात डॉक्टर म्हणून नोकरी मिळाली, म्हणून इथे आलो. स्नोमोबाइलचा पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा परगावी ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. तोही बेल्टच. फक्त माल वाहायच्या ऐवजी तो अख्खी गाडी पुढे ढकलतो.

या पट्ट्यावर बाहेरच्या अंगाला रबराचे आडवे दात असतात. त्यांना लग म्हणतात. ब्रेंटचे तीन इंच म्हणजे या लगची उंची. भुसभुशीत बर्फात उंच लग वल्ह्यासारखे चालतात. दाबून कडक केलेल्या बर्फावर मात्र ते मागेपुढे वाकतात, तापतात आणि मुळातून फाटतात. आमच्या नर्सचा बहुतेक रस्ता कडक बर्फाचा. भुसभुशीत फक्त शेवटचा चढ.

त्या चढाच्या वर वॉल्टर राहतो. ऐंशी ओलांडलेला, एकटा. त्याला रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, म्हणून नर्सने दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. जुन्या पट्ट्याचे लग तुटले आणि गाडी चढावर जागच्या जागी घरघरायला लागली. दोन फेऱ्या अर्ध्यातून परत आल्या.

"आणखी एकदा अडकली तर भेटी बंद," ब्रेंट म्हणाला. "हिवाळ्यापुरतं त्याला खाली नर्सिंग होममध्ये यावं लागेल."

हिवाळ्यापुरता खाली आलेला म्हातारा पुन्हा वर जात नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी जुना पट्टा काढून गॅरेजच्या फरशीवर पसरला. तापून फाटलेलं रबर मुळाशी खडबडीत असतं, हाताने मोडलेल्या भाकरीसारखं. इथे लगची टोकं विळीवर चिरल्यासारखी होती. हा घाव दगडाचा. पण माणूस बुडेल एवढ्या बर्फात दगड आला कुठून?

"काहीच कळत नाहीये," मी जेवताना नवऱ्याला म्हणाले.

"पेशंट पाहिलास का?"

"अरे, फरशीवर पसरलाय की!"

"ती बॉडी झाली. तो राहायचा कुठे, चालायचा कुठे, ते पाहिलंस?"

डॉक्टर लोकांना घरात फुकट सल्ला देताना विशेष आनंद होतो. पण बरोबर होतं त्याचं.

शेरिफच्या रेस्क्यू टीमकडून दोन स्नोमोबाइल एका दिवसापुरत्या मागून आणल्या. पुढे नर्स डोना, मागे मी.

"आज मला बॉडीगार्ड?" डोनाने विचारलं.

"तुला नाही. पट्ट्याला."

रस्ता कडक आणि गुळगुळीत. चढावर बर्फ खोल, दगडाचं नाव नाही. वर पोचलो, वॉल्टरच्या फाटकातून आत वळलो आणि पट्ट्याखालून खर्रर्र असा आवाज आला. माझ्या दातांना कळ आली.

फाटकापासून पायरीपर्यंत अंगण लख्ख साफ केलेलं होतं. बर्फाच्या कडा फूटपट्टीने कापल्यासारख्या सरळ, आणि मधे नुसती खडी. फावडं घेऊन वॉल्टर उभा होता.

"या, या! तुमच्यासाठी गालिचा अंथरलाय."

"दर वेळी असंच असतं," डोना कौतुकाने म्हणाली. "असा जंटलमन आता मिळत नाही." आणि पायरीशी गाडी लावायला तिने त्या खडीवर गर्रकन वळण घेतलं.

रक्त तपासून झाल्यावर मी विषय काढला. "वॉल्टर, अंगण साफ करू नका. खडीवर पट्टा कापला जातो. मग गाडी चढावर अडकते."

त्याने फावडं दाराशी टेकवलं.

"मागे काउंटीचा एक माणूस आला होता, मी एकटा राहू शकतो का ते बघायला," तो म्हणाला. "गाडीवरून उतरला आणि आधी अंगण बघितलं. ज्या दिवशी इथे बर्फ साचलेला दिसेल त्या दिवशी म्हणतील, म्हातारा संपला."

नेपरव्हिल नावाच्या एका उपनगरात माझी बहीण राहते. तिच्या गल्लीत माणसाचं चारित्र्य त्याने घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ किती साफ केलाय यावरून ठरतं. त्यामुळे मी त्याला हसले नाही.

"मग काम बदलू या," मी म्हणाले. "इथे बर्फ टाकायचा, पायात रुंद स्नोशूज घालून दाबायचा, रात्रभर गोठू द्यायचा. वर मऊ थर ठेवायचा. गाडी वळली तरी खडी वर येता कामा नये. हे साफ करण्यापेक्षा अवघड आहे. जमेल?"

"जाडी किती?"

"हात खुपसला तर कोपरापर्यंत."

"माझ्या की डोनाच्या?"

"माझं कोपर मधे आणू नका," डोना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेंटकडे गेले. "अडीच इंची. रबर जरा कडक. लगमधलं अंतर जुन्याइतकंच, नाहीतर आपल्या चाकाचे दात पट्ट्यात बसणार नाहीत. आणि दोन स्क्रॅचर." स्क्रॅचर म्हणजे कडक बर्फ खरवडून पट्ट्याखाली उडवणारी तार. पट्टा आतून ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्या या बर्फाने थंड राहतात.

"तीन इंची का नाही, असं काउंटीचं बोर्ड विचारेल."

"सांग, नर्स रस्त्याने जाते. कड्यावरून नाही."

"आणि अडकली तर?"

"तर रेस्क्यू टीमच्या गाडीवर नर्सला मी नेईन. पण भेटी बंद करायच्या नाहीत."

त्याने ब्रोशर ड्रॉवरमध्ये ठेवलं. फेकलं नाही. अशी माणसं ब्रोशर फेकत नाहीत.

पट्टा बसवला आणि त्याच आठवड्यात मोठं वादळ झालं. डोना निघाली तेव्हा मी गॅरेजमध्ये रेडिओजवळच बसून होते, एका ट्रकचं काम करत असल्याचं दाखवत. अखेर रेडिओ खरखरला. "पोचले. आणि हे बघायला तू हवी होतीस. म्हाताऱ्याने विमानतळ बांधलाय."

त्या हिवाळ्यात एकही भेट चुकली नाही. वसंतात पट्टा काढून पाहिला. लग थोडे झिजलेले, कापलेला एकही नाही. वॉल्टर अजून वरच आहे. ब्रेंटच्या नव्या स्लाइड्समध्ये त्याच्या अंगणाचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'इंजिनिअर्ड लँडिंग झोन'. वॉल्टरला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "पायरीपुढचा तुकडा मात्र मी साफच ठेवतो. तिथे डोना उतरते, गाडी नाही."

पट्टा निवडायचा असेल तर कॅटलॉग जरूर वाचावा. पण त्याआधी रस्ता संपतो तिथपर्यंत एकदा जाऊन यावं. तिथे बहुधा कोणीतरी आपल्याच भल्यासाठी फावडं घेऊन उभं असतं.