सुपारी फुटायच्या आत

आमच्या मंगळवार पेठेत लग्नाच्या बैठकीत किती का तावातावानं बोलणं होईना, सुपारी फुटेपर्यंत कुणालाही उठून जाता येतं. एकदा फुटली की विषय संपला. डेअरीच्या कॉम्प्युटर विभागात लागले तेव्हा डेटाबेसमधलं ट्रान्झॅक्शन मला असंच समजलं. आधी बैठक सुरू करायची, मग हवे ते बदल करून नीट तपासायचे. बरोबर असतील तर कमिट, म्हणजे फुटली सुपारी. चुकलं असेल तर रोलबॅक, की सगळं जिथल्या तिथं.

आमच्या विभागाच्या साहेबांना हे दर वेळचं कमिट जिवावर यायचं. मी बंद ठेवलेलं ऑटोकमिट त्यांनी चालू केलं. मग कसली बैठक नि कसलं काय, एंटर दाबली की सुपारी फुटलीच.

त्या दुपारी मलकापूरकडच्या एका दूध संस्थेचं फॅट चुकीचं पडलं होतं. साहेब माझ्या खुर्चीत बसून ते दुरुस्त करायला लागले. कुठल्या संस्थेचं, एवढंच कॉम्प्युटरला सांगायला विसरले. झाडून सगळ्या संस्थांच्या दुधाला, म्हैस काय नि गाय काय, एकच फॅट लागलं. मग रोलबॅक मारत बसले. मारा की! आता काय परतणार, कपाळ?

आदल्या रात्रीचा बॅकअप लावला, पण सकाळचं संकलन त्यात नव्हतं. गावोगावहून शिव्या यायला लागल्या. डेअरीच्या मालकांनी बोलावलं, तर साहेब शांतपणे म्हणाले की हे मॅडमच्या मशीनवरून झालंय. माझं अंग नुसतं पेटलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं सगळं बघितलं होतं. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा माणूस. माझी नोकरी त्याच्या एका शब्दावर होती. मालकांनी त्याला विचारलं.

"मी काय बघितलं न्हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी डबा उचलून बाहेर पडले, ती कायमचीच.

पुढं कधीतरी तो घरी आला. दारात आलेल्याला चहा दिल्याशिवाय पाठवायची आमची रीत नाही, म्हणून दिला. साहेब नोकरी सोडून पुण्याला गेले होते.

"ताई, चुकलं माझं. उद्या मालकांस्नी खरं सांगतो."

माझ्या जागेवर आता कोण बसतं, मी विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला.

"मीच की."