कुठे पोचलास?

गेल्या दसऱ्याला सकाळी उरणजवळच्या यार्डात बाळाशेठच्या तिसाव्या ट्रेलरची पूजा होती. गाडीची किंमत बेचाळीस लाख. बाळाशेठ, त्यांचा मुलगा नितीन, भटजी, फोटोग्राफर, एकोणतीस ड्रायव्हरांपैकी अठ्ठावीस आणि मी, एवढे हजर होतो. मी त्यांचा शेजारी, आणि कंपनीचे हिशेबही मीच लिहितो.

एकेकाळी मिठागरावर राबणाऱ्या बाळाशेठनी बंदरात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून पहिला जुना ट्रक घेतला आणि बंदरातले कंटेनर ओढायला सुरुवात केली. तो ट्रक ते स्वतः चालवायचे. पुढे गाड्या वाढल्या, तरी रोज पहाटे प्रत्येक ड्रायव्हरला त्यांचा फोन जायचाच. प्रश्न दोनच. "जेवलास का रं? झोप झाली?"

गाडी कुठवर आली, हे ते चुकूनही विचारत नसत. नितीन एकदा वैतागला, "दादा, गिऱ्हाईक मला विचारतं ना!"

"गिऱ्हाइकाला माझा नंबर दे. ड्रायव्हरला 'कुठं पोचलास' ईचारला का त्याचा पाय रेसवर दाबतो. मी चालवलीय गाडी, तू ऑफिस चालवतोस."

ड्रायव्हर हसले होते. नितीनसुद्धा.

दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून रांगेत उभ्या करायची यार्डाची रीत. त्या दिवशी फक्त अशोकची गाडी यायची होती. मुहूर्त टळत चालला होता, फोटोग्राफर घाई करत होता. बाळाशेठ नवी टोपी घालून, खुशीत होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

"अशोक, कुठं पोचलास रं? तुझ्यासाठी पूजा थांबलीय."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना मात्र आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. "दहा मिनटांत येतो म्हणला," एवढंच ते भटजींना म्हणाले.

अर्ध्या तासाने पोलिसांचा फोन आला. वळणावर गाडी उलटली होती. अशोक जागीच गेला.

कंपनीच्या वकिलाने बाळाशेठना बजावलं, फोनचं कुठे बोलायचं नाही. पण बाराव्याला अशोकच्या अंगणात कोणीतरी कुजबुजलं, "सणाचा दिवस, घेतली असंल." बाळाशेठ उठून उभे राहिले.

"त्यानं घेतली नव्हती. मी फोन केला. मी ईचारलं, कुठं पोचलास. पोलिसांनाबी हेच सांगणार हाय."

नितीनने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला. अशोकची बायको सुनंदा दारात बसली होती.

"आमचे हे सांगायचे मला," ती म्हणाली, "आमचा शेठ कधी ईचारत न्हाय. मी म्हणून निवांत झोपायचे. त्याच दिवशी का ईचारलंत?"

बाळाशेठ उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात जबाब देऊन आले. पुढे विम्याचे नऊ लाख सुनंदाला मिळाले. दोन ट्रेलर विकून आलेले सत्तावीस लाख बाळाशेठनी तिच्या दोन मुलींच्या नावे बँकेत ठेवले. कागद घेऊन मी गेलो होतो. तिने सही केली, पाणी दिलं आणि शेठना आत बोलावू नका म्हणाली. ते रस्त्यावर उभे होते.