आफ्रिकेला वळसा घालून गेलेली द्राक्षं

साताऱ्याहून तासगावला जायचं तर कराडला उतरून विट्याची गाडी धरायची, हे मला पाठ आहे. तरी त्या सकाळी खिडकीची जागा सोडवेना, म्हणून बसल्या जागी मी थेट सांगलीला गेले. आणि माझं काम काय, तर निर्यातदारांना त्यांचा माल परदेशी कधी पोचेल याचा अंदाज देणं!

त्या दिवशी विलासअण्णांचा पहिला कंटेनर युरोपात उघडणार होता. अण्णा तासगावचे बागायतदार. बागेतला निवडक माल सगळा त्यांनी त्या एका कंटेनरात भरला होता. घड तोडणं, शीतगृह, बंदरापर्यंतचा रस्ता, तिथली रखडपट्टी आणि मग समुद्र, असं सगळं धरून मी दिवस सांगितले होते. माल चढल्यावर कळलं की बोट तांबड्या समुद्रातून न जाता आफ्रिकेला वळसा घालणार. वाट दोनेक आठवड्यांनी लांबली. द्राक्षांना हे कोण समजावणार? माझी तर झोपच उडाली होती.

सांगलीत हळदीचा वास नाकात भरून घेत मी तासगावची गाडी पकडली. बेदाण्याच्या शेड दिसू लागल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फाट्यावर अण्णा मोटारसायकल घेऊन ताटकळत उभे होते.

"आवं ताई, सातासमुद्रापारचं सांगता, आन् साताऱ्यापास्नं तासगावचं चुकतंय व्हय?"

"मीपण वळशानंच आले, अण्णा."

ते हसले खरे, पण किल्ली लावायच्या आधी त्यांनी खिशातला फोन काढून पाहिला.

घरी सुमनवहिनींनी आधी नवऱ्याला आणि मला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि खर्डा (कुटलेली हिरवी मिरची). मी दोन भाकरी चापल्या. अण्णांची अर्धी तशीच राहिली.

कंटेनर भरताना त्याच तोडणीची एक पेटी इथल्या शीतगृहात मागे ठेवतात. अण्णा तिला 'साक्षीदार' म्हणत. तिकडे माल उघडायच्या दिवशी इकडे ती उघडायची.

शीतगृहात आम्ही तिघं कुडकुडत उभे राहिलो. वहिनींनी झाकण काढलं. मी आधी देठ पाहिले, कारण द्राक्षाचं वय तिथेच कळतं. देठ हिरवे होते! एक-दोन मणी मऊ पडले होते, बाकी टणक. वहिनींनी एक मणी अण्णांच्या तोंडात घातला.

"लय ग्वाड हाय," अण्णा म्हणाले, "पर ही पेटी जागची हलली न्हाई. तिकडच्या पेट्यांनी लय हेलकावं खाल्ल्यात."

मी पेटीचं झाकण पुन्हा लावलं.

परतताना मी शहाणपणानं विट्याची गाडी धरली. ती कराडच्या अलीकडे पंक्चर झाली. उसाच्या कडेला उभी होते, तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

"ताई, उघडला! देठं हिरवीगार हायत म्हंत्यात. समदा माल पसंत पडला!"

मागे वहिनी हसत होत्या की रडत होत्या, कळेना. माझेही डोळे भरून आले. मी सांगितलेल्या आकड्यावर कुणीतरी वर्षभर जपलेली बाग तोडतं, हे यापुढे विसरायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

"आन् तुमी कुठवर पोचला?" अण्णांनी विचारलं.

"कराडच्या अलीकडेच आहे अजून."

"आवं, मग आमची द्राक्षंच पोचली की तुमच्या आधी!"