दुसऱ्यानं सोललेलं टोक

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हे मी झोपेतसुद्धा बडबडते, असं माझा नवरा म्हणतो. बडबडत असेन. नाशिकला तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं तेव्हा पहिल्या दिवशी हेच घोकून घेतलं होतं. इंटरनेटच्या केबलमध्ये केसासारख्या बारीक काचेच्या बारा तारा असतात. फायबर म्हणतात त्यांना. केबल तुटली की दोन्ही बाजूंच्या तारा मशीनमध्ये धरून वितळवून जोडायच्या, निळीला निळी, हिरवीला हिरवी. ओळखायच्या फक्त रंगावरून, दुसरी खूण नाही. आता नंदुरबारच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी हेच शिकवते, आणि दर वेळी हिरव्यापाशी आले की अडखळते. पोरींना वाटतं, मॅडम पुढचा रंग विसरल्या.

मी कळसाडीची. आमच्याकडे कापूस आणि ऊस. पोरीनं फार तर मास्तरीण व्हावं, अशी घरची उडी. मी या कोर्सचा फॉर्म भरला तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, "खंबावर चढाना धंदा शे का हाऊ पोरीस्ना? लोके काय म्हनतीन?" लोक म्हणायचं ते म्हणालेच. मी पहिल्या नंबरानं पास होऊन आले, वडिलांनी प्रमाणपत्र फ्रेम करून घड्याळाशेजारी टांगलं, आणि जिल्ह्यातल्या केबलचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे मला घेऊन गेले. त्यानं कागद पाहिला, मला खालीवर न्याहाळलं आणि तक्रारी लिहून घ्यायला कॉम्प्युटरपुढे बसवलं. आठ महिने! तीन महिने काच जोडायला शिकले आणि आठ महिने "नेट बंद आहे" एवढंच टाइप करत बसले. डोकं नुसतं भणभणायचं. प्रमाणपत्राची ती फ्रेम उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावी, असं वाटायचं.

मला तिथून काढलं चाचांनी. चाचा त्या ठेकेदाराकडचे सगळ्यात जुने जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारे. नंदुरबारातल्याच एका जुन्या मुसलमान घरातले, वडील भांड्यांना कल्हई करायचे. तांब्याच्या टेलिफोन केबलच्या काळात खड्ड्यात बसून एका म्हाताऱ्या जॉइंटरकडून ते काम शिकले होते. कागद नावाला एकही नाही. एक दिवस ते ऑफिसात आले, मशीनची पेटी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बोट करून ठेकेदाराला म्हणाले, "हाई पोर माले द्या. अठे बशीसन सडी जाई ती."

ठेकेदार हसला. पण चाचांना नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्या वेळी अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या हातासारखा जोड कुणाचा नव्हता.

नाशिकनं मला मशीन शिकवलं. काम शिकवलं चाचांनी. वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. कापलेले काचेचे तुकडे डबीत टाकायचे आणि उठताना मोजायचे. एखादा जरी जमिनीवर राहिला तर कुणाच्या तरी अनवाणी पायात जातो आणि डॉक्टरलासुद्धा दिसत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, दुसऱ्यानं सोललेलं टोक कधी वापरायचं नाही. त्यानं सुरी कशी लावली, काचेला ओरखडा गेला की नाही, आपल्याला काय ठाऊक? वीतभर कापून टाकायचं आणि आपल्या हातानं पुन्हा सोलायचं. पहिल्याच दिवशी मी चांगला अर्धा तास खपून टोक तयार केलं होतं, ते त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कचकन कापलं. मी भडकले. म्हटलं, "चाचा, मी नाशिकहून शिकून आलेय!"

"ते नाशिकलेच ऱ्हायनं," ते म्हणाले. "अठे मी शे."

त्यांची आणखी एक पद्धत होती. स्वतः टोक सोलायचे, पुसायचे, मशीन उघडायचे आणि मग मला म्हणायचे, "बोल." मी रंग बोलायचा, तार उचलून हातात द्यायची आणि त्यांनी जोडायची. निळा. नारिंगी. हिरवा. मला वाटायचं, माझी उजळणी घेताहेत. मनातून थोडा रागही यायचा, की एवढं तर मला येतंच की!

मग धानोऱ्याला एकदा शेताच्या बांधावर केबल तुटली. मी पाणी आणायला जवळच्या घरी गेले, तिथल्या बाईनं चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही, उशीर झाला. परत आले तर चाचांनी चार तारा एकट्यानं जोडलेल्या. मशीनवर चारही जोड सुरेख, प्रकाश कुठे गळत नव्हता. पण हिरवी तपकिरीला लावलेली आणि तपकिरी हिरवीला. मी हसतच म्हटलं, "काय चाचा, परीक्षा घेताय का माझी?"

ते हसले नाहीत. दोन्ही तारा उन्हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "हिरवा कोनता शे?"

माझ्या हातातली कळशी तशीच राहिली.

लहानपणापासूनचं होतं ते. हिरवा आणि तपकिरी त्यांना एकच दिसायचे, राखाडी आणि गुलाबी एकच. तांब्याच्या केबलमध्ये निभून गेलं. तिथे पलीकडच्या टोकाला दुसरा माणूस बसतो, बझर लावून तार वाजवून बघता येते, रंग चुकला तरी कान सांगतो. काचेची तार वाजत नाही. फायबर आल्यापासून ते सोबतच्या माणसाला रंग बोलायला लावत होते, आणि सगळे तो त्यांचा रुबाब समजत होते. मीसुद्धा. मी ते दोन जोड कापले, पुन्हा करायला दिले आणि कुणालाही काही बोलले नाही. पुढची सहा वर्षं मीच त्यांचे डोळे होते. तळोद्यापासून काठीच्या डोंगरापर्यंत आम्ही जोडत फिरलो, आणि एकही तार चुकली नाही.

मग हे केंद्र निघालं. शिकवायला असा माणूस हवा होता ज्याच्याकडे प्रमाणपत्रही आहे आणि लाइनवरचा अनुभवही. अशी मी एकटीच निघाले. चाचाच म्हणाले, "जाय बेटा." मी माझी एक विद्यार्थिनी त्यांच्यासोबत दिली. तिला एवढंच सांगितलं, की त्यांची पद्धत आहे, तू फक्त रंग बोलत जा.

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला. प्रमाणपत्र नसेल त्यानं लाइनला हात लावायचा नाही. जुन्या माणसांनी कोर्स न करता थेट परीक्षा द्यावी, पास झाले तर कागद मिळेल. ज्या ठेकेदाराची चाचांपुढे टाप नव्हती, तो आता म्हणाला, "कागद आणा चाचा, माझ्या हातात काही नाही." अठ्ठावन्नाव्या वर्षी चाचा माझ्या वर्गातल्या बाकावर फॉर्म घेऊन येऊन बसले. उर्दू वाचायचे ते, मराठी कागद त्यांना वाचता येत नसे. फॉर्म मी भरला. कामाचा अनुभव या रकान्यात लिहायला जागा पुरली नाही, आणि शिक्षणाचा रकाना कोरा राहिला. सही करताना त्यांनी विचारलं, "रंग पुसतीन का?"

मी म्हटलं, विचारतील.

"मंग मन्हं काम गयं," ते म्हणाले. एवढंच. आणि टोपी नीट करत बसले. ज्या माणसानं मला खुर्चीतून उचलून माणसात आणलं, त्याला माझ्याच केंद्रातून हात हलवत घरी पाठवायचं? काय तोंडानं?

मी मार्ग काढला. खोटा होता, ठाऊक आहे. परीक्षेत प्रत्येकाच्या टेबलावर केबलची दोन टोकं ठेवायची असतात, वेळ वाचावा म्हणून ती आम्हीच आधी सोलून ठेवतो. चाचांच्या टेबलावर मी दोन्हीकडच्या तारा रंगांच्या क्रमानं ओळीत लावल्या आणि चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. त्यांना सांगितलं, "डावीकडून एकेक घ्या, पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी. रंगाकडे बघूच नका." त्यांनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं, स्वतः म्हणून दाखवलं. मी निर्धास्त होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी काहीतरी शिकवलं, म्हणून आतून जरा फुशारलेसुद्धा.

परीक्षक बाहेरगावचे होते, माणूस सभ्य. सकाळी दहाला सगळे बसले. चाचा टेबलापाशी आले, पदर झटकावा तसा रुमाल झटकला, खिडकीतल्या वाऱ्याकडे पाठ केली. सोललेल्या टोकाकडे पाहिलं. च्च केलं. आणि कात्री उचलून वीतभर केबल कचकन कापून टाकली. चिकटपट्टीसकट. एक बाजू, मग दुसरी.

मी लावलेली ओळ गेली.

परीक्षकांनी मान डोलावली. "बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "याला म्हणतात कारागीर. दुसऱ्याच्या टोकावर विश्वास नाही." चाचांनी शांतपणे नवं टोक सोललं, तारा पुसल्या, मशीन उघडलं. हात सवयीनं चालले होते. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग त्या बारा मोकळ्या तारा बोटांत धरून त्यांनी माझ्याकडे न पाहताच, धानोऱ्याच्या बांधावर म्हणावं तसं, म्हटलं, "बोल."

परीक्षकांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं असेल, काहीतरी पुटपुटले.

तेव्हा कुठे चाचांना कळलं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी रंग बोलू शकले असते. बारा शब्द होते. फार तर माझी नोकरी गेली असती. मी हातातल्या हजेरीपटाकडे बघत राहिले. त्यावर काय लिहिलं होतं, देवाशप्पथ आठवत नाही.

मग त्यांनी एकट्यानं जोडलं. घाई नाही, थरथर नाही. एकेक तार उचलायचे, क्षणभर थांबायचे आणि जोडायचे. त्या दिवशी सोळा जणांनी परीक्षा दिली, त्यांत सगळ्यात चांगले जोड चाचांचे, मशीननंच सांगितलं. परीक्षक पुन्हा पुन्हा तपासत होते. बारापैकी चार तारा चुकीच्या रंगाला. "एवढा हात आणि रंग चुकतात?" ते मला म्हणाले. "प्रशिक्षण नाही, त्याचा हा परिणाम." मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!

चाचा आता भावाच्या दुकानात मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात. मी तो रस्ता टाळते. माझ्याकडून पास झालेली पोरं कागद घेऊन जातात, त्यातली निम्मी लाइनवर टिकत नाहीत. मागच्या होळीच्या तोंडावर काठीच्या घाटात केबल तुटली, तेव्हा कागदवाल्या दोघांना दोन दिवस लागले. ठेकेदारानं मला फोन करून विचारलं, आता करायचं काय? मी काय सांगणार? रात्र रात्र एकच विचार येतो. टोक कापू नका, एवढं एक वाक्य सांगायला मी विसरले. ते कापणारच, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मलाच तर शिकवलं होतं त्यांनी.

त्या दिवशी निकाल लगेच हातात दिला होता. चाचांनी आधी काचेचे तुकडे डबीत मोजून टाकले, डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि कागद घेऊन बाहेर गेले. मी मागे गेले. फाटकापाशी लिंबाखाली उभे होते. कागद उलटसुलट करून बघत होते. मला पाहून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"काय लिखेल शे?" ते म्हणाले. "आते तरी बोल, बेटा."

मी वाचून दाखवलं. परीक्षकांच्या सहीखाली प्रशिक्षकाची सही लागते, ती माझी होती. तेही वाचलं.